राणीछाप रुपयाची चांदी: वजन, कस आणि छाप यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या इतवारीच्या सराफा ओळीत आमचं दुकान तीन पिढ्यांचं. दिवाळीची साफसफाई निघाली किंवा महालातला एखादा जुना वाडा पाडायला घेतला, की माणसं रुमालात बांधून जुने रुपये आणतात. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: खरे का, चांदी किती, मोडायचे का. पण आठ-दहा रुपये काचेवर मांडले की बोलणं लांबतं आणि आजोबांच्या काळातली मालगुजारी, कपाशी, दुष्काळ सगळं निघतं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पुरतं सांगता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

राणीछाप रुपयात चांदी नेमकी किती?

वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. कस बारा भागांत अकरा: अकरा भाग चांदी, एक भाग तांब्याचं हीण. शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आमच्या भाषेत ९१६ चा कस. हे माप १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या प्रत्येक चालू रुपयाला लागू आहे. मग छाप चौथ्या विल्यमची असो, व्हिक्टोरिया राणीची, सातव्या एडवर्डची की जॉर्जची. अधेली त्याच्या निम्मी, पावली चौथाई आणि चांदीची चवली आठवा हिस्सा.

एक सावधगिरी. हल्ली बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. आजीच्या हिशेबातला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. 'शंभर रुपये म्हणजे शंभर तोळे' हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पण आजच्या दहाच्या तोळ्यानं ते जवळपास ११७ तोळे भरतात. हिशेब नेहमी ग्रॅममध्येच मागा.

१८० ग्रेन आणि बारात अकरा, हे आकडे आले कुठून?

रुपयाची चाल शेरशहा सुरीनं घातली, सोळाव्या शतकात. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेनचा आणि चांदी जवळजवळ निखळ. मोगलांनी तोच पुढे चालवला. मोगल सत्ता ढिली पडली तशा टांकसाळी गावोगाव झाल्या, आणि नाव बादशहाचं असलं तरी वजन-कस ज्याचा त्याचा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हातातसुद्धा एक रुपया नव्हता. कलकत्त्याचा सिक्का रुपया वेगळा, फर्रुखाबादचा वेगळा, मुंबईचा सुरती वेगळा, मद्रासचा अर्काटी वेगळा. कलकत्त्याच्या सिक्क्यात शुद्ध चांदी १७५.९२ ग्रेन होती, म्हणजे मद्रासच्या रुपयापेक्षा जवळजवळ अकरा ग्रेन जास्त.

मद्रासनं १८१८ मध्ये १८० ग्रेन वजन आणि १६५ ग्रेन शुद्ध चांदी हे माप धरलं, मुंबईनं १८२४ मध्ये तेच उचललं. पुढे १८३५ च्या सतराव्या कायद्यानं कंपनीच्या साऱ्या मुलखाला ते लागू झालं, १ सप्टेंबर १८३५ पासून. कलकत्त्याच्या सिक्क्याला नवा रुपया पंधरा-सोळांशाच्या हिशेबानं जोडला: १५ सिक्के म्हणजे १६ नवे. हिशेब किती जवळचा बसतो ते कागदावर करून पाहा, १७५.९२ ला १६५ नं भागा. जुन्या करारांमधली देणी कुणाच्या पदरात फार न टाकता नव्या रुपयात उतरवता आली, ती या गुणोत्तरामुळे.

तांबं का घातलं, असंही विचारतात. निखळ चांदी मऊ असते. हातोहात फिरताना झिजते, कडा दबतात. बाराव्या हिश्शाचं तांबं तिला ताठ करतं. यात लबाडी नव्हती. हीण किती हे कायद्यात उघड लिहिलं होतं आणि किंमत शुद्ध चांदीवर धरली होती.

तोळा आणि रुपया एकाच वजनाचे हा योगायोग का?

मुळीच नाही. कलकत्त्याच्या टांकसाळीत कस पाहणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून इतिहासात शिकतो तोच. त्याच्या आग्रहानं १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा हे वजनाचं मूळ माप ठरलं. त्यामुळे रुपया हेच हाताशी असलेलं वजन झालं. खेड्यातल्या वाण्याकडे तोळ्याचं वजन नसलं तरी पारड्यात रुपया टाकून काम भागायचं. माझे आजोबा नवा तराजू आला की पहिल्यांदा न झिजलेला राणीछाप ठेवून पारखायचे.

भोसल्यांचा नागपुरी रुपया यात कुठे बसतो?

तो यात बसत नाही, आणि म्हणूनच जपून ठेवण्याजोगा आहे. नागपूरकर भोसल्यांची नाणी मोगल बादशहाच्या नावानं, फारसी अक्षरांत पडत. मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळींची तीच रीत होती. बादशहाचं नाव म्हणजे बाजाराला ओळखीची छाप. ही नाणी हातठोकी. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच सापडतो. दोन-चार नाणी शेजारी ठेवून वाचावा लागतो.

१८३५ चा कायदा झाला तेव्हा नागपूर कंपनीच्या मुलखात नव्हतं. सीताबर्डीच्या लढाईनंतर, म्हणजे १८१७ नंतर, रेसिडेंटचा, म्हणजे दरबारात बसवलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, हात कारभारावर होता आणि १८२१ पासून कामठीला फौजेची छावणी होती, पण गादी भोसल्यांची होती. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. शहराच्या मनातली ती जखम आहे आणि ती मी मोजून-मापून सांगणार नाही. नाण्यापुरतं सांगायचं तर त्यानंतर सरकारी भरणा कंपनीच्या रुपयाच्या मापानं होऊ लागला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी.

आपल्या उत्तरेला सागरला कंपनीचीच टांकसाळ होती, तीही १८३५ मध्ये बंद झाली. तिथे कस पाहणाऱ्या प्रेसग्रेव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं त्याच भागातल्या लोखंडातून झुलता पूल बांधला होता. हा मजकूर नाण्याचा नाही, पण धातू ओळखणाऱ्या माणसाचा आहे म्हणून सांगितला.

बट्टा म्हणजे काय?

एका चलनाचा रुपया दुसऱ्या चलनात घेताना कापलेली रक्कम. कस कमी म्हणून बट्टा, वजन झिजलं म्हणून बट्टा, गाव बदललं म्हणून बट्टा. बंगालात तर नाणं जुनं झालं एवढ्यावरूनही बट्टा बसे. जुन्या रुपयांवर बारीक छिन्नीच्या खुणा, फुल्या, चांदण्या दिसतात ना, त्या सराफांच्या. आम्हीच केलेल्या. हातातून जाणारं नाणं तपासून त्यावर खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा कस लावायला नको.

आमच्या धंद्याची बाजू घेऊन सांगायचं तर तपासणीला मोल होतं. पण खरं सांगायचं तर बट्ट्याचा मार कायम देणाऱ्यावर पडे, आणि देणारा बहुधा शेतकरी असे. त्याला बाजारात एक रुपया मिळे आणि सरकारात दुसरा भरावा लागे. मधली कातर आमच्यासारख्यांकडे राही. एकसारखा रुपया आल्यानं ही कातर सुटली. इंग्रजी अमलाच्या ज्या थोड्या गोष्टींना मी चांगलं म्हणतो, त्यांत ही धरतो.

'कलदार' हा शब्द कशावरून आला?

कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, गोल, सारखा, कडेला दाते असलेला तो कलदार. दाते शोभेचे नव्हते: कड कातरून चांदी काढली की लगेच कळावं म्हणून होते. कायद्यातही होतं की शेकडा दोनपेक्षा जास्त झिजलेला किंवा कातरलेला, कानसलेला रुपया घेण्याची सक्ती कुणावर नाही. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत 'कलदार की हाली?' असं विचारत. हाली म्हणजे निजामाचा हाली सिक्का. चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि कस ८१८. म्हणून शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली लागत. तुमच्या डब्यात तो निघाला तर खोटा समजून फेकू नका, नुसता हलका आहे.

सामान्य माणूस आपली चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, हे खरं का?

खरं आहे, आणि सगळी गोम इथेच आहे. १८९३ पर्यंत मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि तितक्या चांदीचे रुपये घ्यावेत. १८७० च्या कायद्यानं रुपयाच्या कसाची हजार तोळे चांदी दिली तर ९७९ रुपये मिळत. २१ रुपये पाडणावळ आणि आटणीचे, म्हणजे वितळवण्याचे.

नागपूरचा माणूस तोडे घेऊन मुंबईला जात नव्हता हे उघड आहे. पण टांकसाळीचं दार उघडं होतं म्हणून इतवारीतल्या भावाला खाली एक तळ होता. पायातले वाळे, कमरेचा करगोटा, गळ्यातली हमेल म्हणजे रुपयांची माळ, यांची किंमत थोड्याफार फरकानं वजनाइतके रुपये. बाई दागिना घालून फिरे ती आपली गंगाजळीच अंगावर घालून फिरे. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद पडला आणि हिंगणघाट-वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. कपाशीचा पैसा चांदीच्या रूपानं घराघरात मुरला. त्याचे तोडे झाले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला आली आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याच्या दिवशीच, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. त्याच सालापासून रुपयावर राणीच्या नावापुढे 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. नागपूरकरानं लक्षात ठेवायला सोपी खूण आहे ही.

मग १८९३ मध्ये काय बदललं? रुपया तर तसाच दिसतो.

तसाच दिसतो. वजन तेच, कस तोच, राणीही तीच. १८९२ चा आणि १८९७ चा रुपया काट्यावर टाका, काटा हलणार नाही. तरी या दोन रुपयांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

झालं असं. १८७१ नंतर जर्मनीनं सोन्याचं चलन धरलं आणि आपली चांदी विकायला काढली. युरोपातले इतर देशही चांदीची नाणी पाडायचे थांबले. त्यात अमेरिकेतल्या खाणींची चांदी बाजारात आली. चांदी स्वस्त होत गेली आणि रुपया चांदीचा असल्यानं तोही पौंडापुढे घसरत गेला. पौंडाचे शिलिंग वीस आणि शिलिंगाचे पेन्स बारा. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, १८९२-९३ मध्ये तो सव्वा शिलिंगापर्यंत उतरला. हिंदुस्थान सरकारला दरसाल लंडनमध्ये पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे: कर्जाचं व्याज, निवृत्त गोऱ्यांची पेन्शनं, फौजेचा खर्च. दोन शिलिंगांच्या भावानं एका पौंडाला १० रुपये पुरत. सव्वा शिलिंगाच्या भावानं १६ लागले. ते वरचे सहा रुपये शेवटी इथल्याच करातून निघणार.

लॉर्ड हर्शेल यांच्या समितीनं अहवाल दिला आणि २६ जून १८९३ ला टांकसाळीचं दार लोकांच्या चांदीला बंद झालं. रुपये आता फक्त सरकार पाडणार, हवे तेवढेच. हेतू रुपयाची टंचाई करून तो एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर, नेण्याचा. १८९८ च्या सुमाराला तो साधलाही.

पण चांदी घसरतच राहिली. शतक संपताना रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत दहा-अकरा आण्यांच्या आसपास आली, आणि रुपया सोळा आण्यांचाच. वरचे पाच-सहा आणे धातूचे नव्हते, सरकारच्या हुकमाचे होते. ज्याच्या गाठीला रुपये होते तो वाचला. ज्याच्या अंगावर दागिने होते, तो त्या पाच-सहा आण्यांना मुकला. त्याच वेळी १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, आपण छप्पन्नचा म्हणतो तो, असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर आले. दुष्काळात माणूस प्रथम काय विकतो? तोडे, वाळे. तीस वर्षांपूर्वी शंभर भार, म्हणजे शंभर रुपयांच्या वजनाच्या, चांदीला शंभराच्या जवळपास रुपये मिळाले असते, आता साठ-सत्तर. आणि शेतसारा रुपयांतच भरायचा होता.

माझे आजोबा त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगत, की त्या साली बाया काट्याकडे बघत राहायच्या. वजन तर पुरतं भरतं, मग रुपये कमी कसे? सराफानं काटा मारला असं त्यांना वाटायचं. काट्यात खोट नव्हती. खोट कुठे होती ते त्या काळी दुकानातल्या माणसालाही नीट सांगता येत नव्हतं. मला ते सांगता येतं, म्हणून एवढं लांबवलं.

डॉ. आंबेडकरांनी रुपयावर लिहिलं आहे ते हेच का?

याच्या पुढचं, आणि यापेक्षा फार खोल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी केलेला प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथ म्हणून निघाला, विषय रुपयाचा प्रश्न. १८९३ नंतर जी व्यवस्था आली, तिच्यात रुपये किती काढायचे याला सरकारवर बांध नव्हता. रुपयाची सोन्यातली किंमत सांभाळण्यावरच नजर होती. रुपयानं इथल्या बाजारात काय विकत मिळतं हे खरं महत्त्वाचं आणि त्यासाठी नाणी पाडण्यावर पक्की मर्यादा हवी, असा त्यांचा रोख होता. १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या प्रत्येक नागपूरकरानं त्यांचं हेही काम वाचावं असं मला मनापासून वाटतं. मजुराच्या हातातला पैसा हा त्यातला धागा सुटत नाही.

रुपयाची कागदी नोट कधी आली?

१९१७ च्या अखेरीस, पहिल्या महायुद्धात. चांदी उलट महागली होती. लंडनमध्ये औंसाला ४३ पेन्सांच्या वर भाव गेला की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं, आणि भाव त्याच्याही वर गेला. एक रुपयाची आणि मागोमाग अडीच रुपयांची नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवून चांदी विकायची सोय केली, आणि त्यातली सुमारे २० कोटी औंस हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी आली. चांदीची चवली याच सुमाराला गेली, निकेलमिश्रित चौकोनी आली.

१९४० नंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाला भाव कमी का देता?

कारण त्यात चांदी निम्मीच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, कस ५०० वर आणला: पन्नास भाग चांदी, चाळीस तांबं, पाच निकेल, पाच जस्त. वजन मात्र तेच ११.६६ ग्रॅम, म्हणून काट्यावर फसायला होतं. शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच. ओळख कडेवरून पटते; या रुपयाच्या कडेला दात्यांच्या मधोमध खोबण असते, नकली करणाऱ्याला अवघड जावी म्हणून घातलेली. पाठोपाठ सरकारनं जुन्या कसाचे रुपये चलनातून काढून घेतले, आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे. १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा. लोहचुंबकाला चिकटतो.

घरच्या घरी खरा-खोटा कसा ओळखायचा?

आधी वजन. फार झिजलेला नसेल तर ११.५ ते ११.६६ मध्ये यावा. मग पाण्याची परीक्षा: छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, रुपया बारीक दोऱ्यानं पाण्यात बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. ९१६ चा रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवेल. निम्म्या कसाचा १.२२ च्या आसपास. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा याहून पुढे जाईल. आवाजावरही कळतं, पण त्याला कान तयार लागतो. तेजाबाचा थेंब टाकून पाहू नका, डाग कायमचा राहतो.

'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' आणि मागे रामदरबार, हे नाणं लाखाचं का?

नाही. ते कधीच चलनात नव्हतं. देवघरात ठेवायला किंवा विकायला पुढे पाडलेली मुद्रा आहे. याच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

सगळ्या रुपयांवर १८४० किंवा १८६२ च का असतं?

ठशावरचं साल तेव्हा दरवर्षी बदलत नसत. १८६२ चंच साल पुढे दहा-बारा वर्षं चाललं. त्यामुळे निव्वळ सालावरून मोल वाढत नाही.

डुकराचा रुपया म्हणतात तो कोणता?

१९११ चा, पाचव्या जॉर्जचा. झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा आला की लोकांना डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी मागे घेतली, १९१२ पासून हत्ती नीट झाला. पण सोन्याचं मोल नाही हो त्याला. पुष्कळ जण जपून बसलेत.

वाड्याच्या पायात रुपयांचं मडकं सापडलं, काय करावं?

आमच्याकडे आणू नका, जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज कळवावाच लागतो. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवायलाही मनाई आहे. पेटीतून वारसानं आलेल्या रुपयांचं तसं नाही, ते तुमचेच.

घासून चकाकवावेत का? मोडावेत का?

घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, काही नको. कोमट पाण्यात बुडवून मऊ फडक्यानं टिपा. काळपट थर हा नाण्याचा दोष नाही.

मोडण्याबद्दल सांगतो. गरज असेल तर लाज बाळगू नका, दागिने आणि रुपये अडचणीलाच असतात. पण आधी वेगळे करा: १९४० नंतरचे एका बाजूला, राणी-एडवर्डचे एका बाजूला, हातठोकी नाणी पूर्णपणे बाजूला. मी दुकानावर नवा होतो तेव्हा एका आजींची हमेल वडील गावाला गेले असताना मी वजनावर घेतली आणि आटणीला पाठवली. अठ्ठावीस रुपयांत तीन हातठोकी होते, फारसी अक्षरांचे. वाचले नव्हते. आता कुणी रुमाल सोडला की आधी भिंग काढतो, काटा नंतर.